मधल्या वयाच्या वस्त्या

फेब्रुवारी २०२५ मध्ये दुबईचे युवराज शेख हमदान यांनी ‘सुपर ब्लॉक’ नावाची योजना जाहीर केली. शहरातले काही भाग निवडायचे, त्यांच्या आतल्या रस्त्यांवरून मोटारी बाहेर काढायच्या आणि तिथे सावली, झाडं, बसायला जागा, चालायला वाट करायची, अशी ही कल्पना. पहिल्या यादीत चार नावं होती : अल फहीदी, अबू हेल, अल करामा आणि अल कूझचा कलावंतांचा भाग. मराठी माणूस ही यादी वाचताना करामापाशी थांबतो. बरजुमान मॉलच्या मागची ती बुटक्या इमारतींची वस्ती. खाली वाणी, शिंपी, हॉटेलं, मोबाइलवाले आणि वर तीन-चार मजल्यांवर भारतीय संसार. दुबईला गेलेल्याला इथून कुणी विचारलं, “कुठे उतरलात?” तर उत्तरात करामा, बर दुबई नाहीतर शारजाचा रोला यांतलं एक नाव हमखास येणार. गणपतीच्या दिवसांत करामात मोदकाचं पीठ मिळतं, केळीची पानं मिळतात, मिसळही मिळते. पामच्या बेटावर यातलं काय मिळतं, ते तिथल्यांना माहीत.

करामा सरकारच्या चांगल्या यादीत आला याचा आनंद व्हायला हवा, आणि होतोही. पण त्याच वर्षी जून महिन्यात दुबई पालिकेची आणखी एक यादी आली. घरात बेकायदा पार्टिशन घालून खोल्या भाड्याने देणाऱ्यांवर कारवाई करण्यासाठी अल रिग्गा, अल मुरक्काबात, अल बर्शा, अल सत्वा आणि अल रफ्फा हे भाग निवडले होते. रफ्फा म्हणजे बर दुबईच. करामातून पायी निघालात तर घामाने शर्ट भिजायच्या आत पोचाल. दोन्ही ठिकाणी माणसं एकाच जातकुळीची, घरं एकाच पिढीची. एका यादीत बाकडी आणि झाडं, दुसऱ्या यादीत तपासनीस आणि हातोडा. कारणं उघडच वेगळी आहेत. पार्टिशनच्या घरात आग लागली तर बाहेर पडायला वाट उरत नाही, तेव्हा पालिकेचा मुद्दा खोटा म्हणता येत नाही. तरी प्रश्न राहतोच. शहराच्या कुठल्या भागाचं पुनरुज्जीवन करायचं, हे अमिरातीत ठरवतं कोण आणि कशाच्या आधारावर?

मुंबईच्या वाचकाला हा प्रश्न नवा नाही. इमारत धोकादायक आहे का, उपकरप्राप्त आहे का, रहिवाशांची संमती किती, एफएसआय किती मिळणार, बिल्डर कोण, नगरसेवक कुणाचा, यावर आपल्याकडे वर्षानुवर्षं वाद चालतात. अमिरातीत हा गोंगाट नाही. तिथे निवड शांतपणे होते, आणि मला त्या शांततेचाच इतिहास शोधायचा होता.

सुरुवात बस्ताकियापासून करावी लागते. १९०० च्या आसपास इराणच्या किनाऱ्यावर लिंगेह बंदरात जकात वाढली. त्याच सुमारास दुबईच्या शासकाने आपल्या बंदरातली जकात उठवली. बस्तक भागातले व्यापारी आखात ओलांडून दुबईला आले आणि त्यांनी खाडीकाठी घरं बांधली. पोवळ्याचे दगड, चुना, छताला पूर्व आफ्रिकेतून आणलेले चंदलचे, म्हणजे खारफुटीचे, वासे, दारांना आपल्याकडचा साग आणि डोक्यावर बरजील, म्हणजे चारही दिशांचा वारा पकडून खोलीत उतरवणारा मनोरा. विजेआधीच्या दुबईत उन्हाळ्याला तोंड देण्याची हीच सोय होती. १९६० आणि ७० च्या दशकांत वीज, पाणी आणि पैसा आला. मूळ कुटुंबं शहराबाहेरच्या मोठ्या बंगल्यांत गेली आणि या घरांत भारत-पाकिस्तानातले मजूर भाड्याने राहू लागले. एका वाड्यात दहा-बारा बिऱ्हाडं. पुण्याच्या पेठांत वाड्यांचं जे झालं तेच.

१९८० च्या दशकात बस्ताकियाचा निम्मा भाग शासकाच्या नव्या दिवाणासाठी, म्हणजे कचेरीसाठी, पाडला गेला. उरलेलाही जायचाच होता. रेनर ऑटर नावाचा इंग्रज वास्तुविशारद १९८४ मध्ये तिथल्या एका घरात राहायला आला होता. त्याने घर दुरुस्त केलं आणि पाडकामाविरुद्ध आवाज उठवला. १९८९ मध्ये युवराज चार्ल्स दुबईच्या दौऱ्यावर आले. ऑटरने त्यांना पत्र लिहिलं होतं असं सांगतात. चार्ल्सनी ती वस्ती पायी फिरून पाहिली, ती जपावी असं मत दिलं आणि पाडकाम थांबलं. पुढे पालिकेने जुन्या इमारतींसाठी वेगळा विभाग काढला, घरं एकामागून एक दुरुस्त केली आणि २०१२ मध्ये वस्तीला ‘अल फहीदी ऐतिहासिक वस्ती’ असं सरकारी नाव दिलं. २०२५ च्या सुपर ब्लॉक यादीत पहिलं नाव हिचंच आहे.

ही गोष्ट दुबईत नेहमी सुखान्त म्हणून सांगितली जाते. वास्तू वाचली, यात शंका नाही. पण वाचवताना आतल्या भाडेकरूंचं काय झालं, हे त्या गोष्टीत येत नाही. आज अल फहीदीत चित्रदालनं आहेत, चहाची दुकानं आहेत, छोटी संग्रहालयं आहेत. सकाळी गेलात तर गल्ली झाडलेली असते आणि कुठल्याही खिडकीतून कुकरची शिट्टी ऐकू येत नाही. शेजारी २०१७ मध्ये खाडीकाठी ‘अल सीफ’ उभं राहिलं. ते नवंकोरं, पण भिंतीचे पोपडे मुद्दाम उडवलेले, लाकूड मुद्दाम रापवलेलं. दोन्हींमधला फरक पर्यटकाला सांगावा लागतो. मला अल सीफचा राग येत नाही. संध्याकाळी तिथे वारा छान येतो. पण अर्धी खरी वस्ती पाडून झाल्यावर तिच्याच शेजारी खोटी बांधणं हा कारभार मात्र मला हसवतो.

शारजात तर काळच मोजून घेतला आहे. ‘हार्ट ऑफ शारजा’ हा प्रकल्प २०१० मध्ये सुरू झाला. जुन्या शारजाला १९५० च्या दशकातलं रूप परत द्यायचं, हा त्याचा जाहीर हेतू. या हट्टामागे एक खरी जखम आहे. शारजाचा अल हिस्न हा किल्ला १८२० च्या दशकातला. १९६९ मध्ये तेव्हाच्या शासकाने तो पाडायला घेतला. आजचे शासक शेख सुलतान तेव्हा कैरोत शिकत होते. बातमी कळताच ते धावत परत आले, तोवर जवळपास सगळा किल्ला गेला होता आणि एक बुरूज तेवढा उरला होता. त्यांनी दारं-खिडक्या, मोजमापं जपून ठेवली आणि १९९६-९७ मध्ये किल्ला पुन्हा बांधून काढला. ज्याने तरुणपणी हे पाहिलं, त्याला जुन्याचा ध्यास लागणं समजू शकतं.

मात्र जुनं परत आणायचं तर मधलं काढावं लागतं. १९७० च्या दशकात किल्ल्याच्या आजूबाजूला शारजाची बँक स्ट्रीट उभी राहिली होती. एकसारख्या उंच इमारती, खाली बँका, वर घरं. संयुक्त अमिरातीच्या पहिल्या दशकाचा तो चेहरा होता. नव्या प्रकल्पात त्यातल्या इमारती पाडल्या गेल्या, कारण त्या १९५० च्या चित्रात बसत नव्हत्या. चाळीस वर्षांची इमारत साठ वर्षांपूर्वीच्या गल्लीला जागा करून देण्यासाठी गेली. शारजातल्या आधुनिक वास्तूंवर सुलतान अल कासिमी आणि टॉड राईझ यांनी २०२१ मध्ये ‘बिल्डिंग शारजा’ हे जाडजूड पुस्तक काढलं. त्यातल्या कित्येक इमारती आता छायाचित्रांतच उरल्या आहेत.

इथे माझ्या विषयाचं मूळ आहे. अमिरातीत वारशाची रेषा तेलापाशी ओढलेली आहे. अबू धाबीत तेल सापडलं १९५८ मध्ये, दुबईत १९६६ मध्ये. त्याआधीचं ते जपायचं आणि त्यानंतरचं ते बदलायचं, हा अलिखित नियम. आणि आपली माणसं मोठ्या संख्येने आली ती नेमकी त्या रेषेनंतर. व्यापारी आधीही होते. बर दुबईत सिंधी-भाटिया पेढ्या होत्या, खाडीकाठच्या दुकानांवर १९५८ मध्ये मंदिर उभं राहिलं होतं, आणि १९६६ पर्यंत दुबईचा बाजार रिझर्व्ह बँकेच्या रुपयांवर चालत होता. पण रत्नागिरी-रायगडच्या खाड्यांमधून, भेंडीबाजारातून, गिरगाव-परळच्या चाळींतून फिटर, कारकून, ड्राफ्टमन, नर्स, शिंपी यांची रीघ लागली ती १९७३ नंतर, तेलाचे भाव चौपट झाल्यावर. १९६८ च्या शिरगणतीत दुबईची लोकसंख्या ५९ हजार होती. आज ती ३८ लाखांवर आहे आणि दहातली नऊ माणसं परदेशी आहेत. एवढ्या माणसांचं शहर ज्या घरांत वाढलं ती घरं १९७० आणि ८० च्या दशकांतली : करामा, सत्वा, डेराचं नायफ, शारजाचा रोला. कोकणात ज्या घरांवर ‘दुबईवाल्याचं घर’ म्हणून बोट दाखवतात, त्यांचा पैसा या खोल्यांतून गेला. धनंजय दातारांच्या वडिलांनी १९८४ मध्ये दुबईत छोटं किराणा दुकान टाकलं, त्यातून पुढे ‘अल अदील’ उभं राहिलं, ही गोष्ट मराठी वाचकाला पाठ आहे. तसं दुकान टाकायला परवडेल असं भाडं आणि समोर मिरची-मसाला मागणारं गिऱ्हाईक लागतं. ते अशाच वस्तीत मिळतं.

पण या वस्त्या वारसा म्हणवून घ्यायला फार तरुण आणि बाजारभावाच्या दृष्टीने फार म्हाताऱ्या आहेत. मधल्या वयाच्या माणसासारखं त्यांचं झालं आहे. धड सवलत नाही, धड मागणी नाही.

सत्वाची हकीकत या बाबतीत बोलकी आहे. मूळची ती बलुची लोकांची, खजुराच्या झावळ्यांच्या बरस्ती झोपड्यांची वस्ती. पुढे सरकारने तिथे ‘शाबिया’ म्हणजे जनतेसाठीची बैठी घरं बांधली. भिंतीचं कुंपण, आत अंगण, अंगणात एखादं झाड. स्थानिक कुटुंबं मोठ्या घरांत गेली आणि ही घरं दक्षिण आशियाई, फिलिपिनो भाडेकरूंकडे आली. या शाबिया घरांना राहणाऱ्यांनी कसकसं बदललं, यावर यासर अल-शश्तावी या संशोधकाने २०१६ मध्ये व्हेनिसच्या बिनालेत अमिरातीचं दालनच उभं केलं होतं. म्हणजे व्हेनिसमध्ये हीच घरं प्रदर्शनात होती. दुबईत मात्र २००८ मध्ये सत्वाचा मोठा भाग ‘जुमेरा गार्डन सिटी’साठी निवडला गेला होता. खर्चाचा आकडा जाहीर झाला ३५० अब्ज दिरहम. नोटिसा गेल्या, काही गल्ल्या रिकाम्या झाल्या, पाडकाम सुरू झालं. मग जगभर मंदी आली, दुबईची बांधकामं थांबली आणि हा प्रकल्प गुंडाळला गेला. सत्वाचं जे काही उरलं ते कुठल्या वारसासमितीने वाचवलेलं नाही. ते अमेरिकेतल्या बुडीत बँकांनी वाचवलं. २०१६ मध्ये त्याच सत्वाच्या भिंतींवर सरकारी उपक्रमातून मोठमोठी चित्रं रंगवली गेली आणि पर्यटक फोटो काढायला येऊ लागले. नऊ वर्षांनी पार्टिशनविरोधी मोहिमेतही तिचं नाव आलं. पाडण्यासाठी, रंगवण्यासाठी आणि तपासण्यासाठी अशी तीन वेळा निवड झालेली दुसरी वस्ती मला तरी माहीत नाही.

भाडेकरूच्या हातात काय असतं? अगदीच काही नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. दुबईचा २००७ चा भाडेकायदा, २००८ च्या दुरुस्तीसह, बराच सुस्पष्ट आहे. इमारत पाडून बांधायची असेल तर मालकाने भाडेकराराची मुदत संपण्याच्या वेळी, बारा महिने आधी, नोटरीमार्फत किंवा रजिस्टर पोस्टाने नोटीस द्यायची. परवाने हातात हवेत. इतकंच नव्हे, इमारत पुन्हा उभी राहिली की जुन्या भाडेकरूला परत येण्याचा पहिला हक्क आहे. मालकाने कळवल्यापासून तीस दिवसांत त्याने तो वापरायचा.

हे कलम वाचलं तेव्हा मला आपल्या म्हाडाची आठवण झाली. पण संक्रमण शिबिर नाही, मधल्या काळाचं भाडं नाही आणि परत येताना जुनं भाडं नाही. इमारत उभी राहायला काही वर्षं जाणार. तोवर त्या माणसाचा व्हिसा कुठल्या नोकरीवर आहे, तो अजून देशात आहे का, मुलं कुठल्या शाळेत आहेत? करामातला भाडेकरू तोवर शारजाला, अजमानला नाहीतर पिंपरी-चिंचवडला पोचलेला असतो. हक्क कागदावर राहतो, कारण ज्याच्या नावाने तो आहे तो माणूस फिरता आहे.

नूतनीकरणाचा दुसरा रस्ता भाड्याचा. भाडं किती वाढवता येईल याचं दुबईत २०१३ पासून एक कोष्टक आहे. तुमचं भाडं त्या भागाच्या सरासरीपेक्षा दहा टक्क्यांपर्यंत कमी असेल तर वाढ नाही. जसजशी तफावत मोठी तसतशी परवानगी पाच, दहा, पंधरा आणि शेवटी वीस टक्क्यांपर्यंत. जानेवारी २०२५ पासून तर निर्देशांकात इमारतीच्या दर्जाचीही गणना होते. आता हिशेब करून पाहा. गल्लीत झाडं आली, मोटारी गेल्या, चालायला सावली आली. जुन्या भाडेकरूचं भाडं तसंच, पण शेजारच्या नव्या करारांनी सरासरी वर नेली. तफावत वाढली की वाढीची परवानगीही आली. कुणी कुणाला हाकलत नाही. करार नव्याने करायच्या दिवशी चेक मात्र मोठा लिहावा लागतो. सुपर ब्लॉकची माझी भीती एवढीच आहे. योजना चांगली आहे. ऑगस्टमध्ये करामाच्या फुटपाथवर चाललेल्या कुणालाही सावलीविरुद्ध तक्रार करता येणार नाही. भीती सावलीच्या भाड्याची आहे.

भाड्याखेरीज आणखी एक गाळणी आहे, ती म्हणजे ‘बॅचलर’. अमिरातीत बॅचलर म्हणजे अविवाहित नव्हे. बायको-मुलं गावी ठेवून एकटा राहणारा बाप्याही तिथे बॅचलरच. कुटुंबांच्या वस्तीत बॅचलर नकोत, हे धोरण जुनं आहे. २००८ मध्ये दुबई पालिकेने ‘एक व्हिला, एक कुटुंब’ मोहीम चालवली. २०२० मध्ये शारजात एका स्थानिक महिलेने रेडिओवर तक्रार केली आणि कादिसिया भागातून बॅचलरांना काढण्याचे आदेश थेट शासकांकडून आले. म्हणजे वस्ती निवडताना इमारतीचं वय मोजलं जातं आणि राहणाऱ्याचं कुटुंबही मोजलं जातं. त्याने तिथे किती वर्षं काढली, हे मोजायचा रकाना नाही.

आपण मुंबईकरांनी यावर नाक मुरडायचं कारण नाही. धारावीत १ जानेवारी २००० ही रेघ आहे. त्याआधीपासून तळमजल्यावर असाल तर धारावीतच ३५० चौरस फुटांचं घर, वरच्या मजल्यावर असाल किंवा नंतर आला असाल तर मुलुंड-देवनारच्या दिशेला. बीडीडी चाळी १९२० च्या दशकातल्या. पुनर्विकासाचं भूमिपूजन २०१७ मध्ये झालं आणि वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना किल्ल्या मिळाल्या त्या ऑगस्ट २०२५ मध्ये. मधल्या काळात किती जण पाचशे चौरस फुटांच्या घराची वाट बघत गेले, त्याची मोजदाद नाही. तरीसुद्धा दोन शहरांत एक फरक आहे आणि तो मला मोठा वाटतो. मुंबईत यादीची सुरुवात भाडेकरूच्या नावाने होते. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने आणि मताच्या कागदाने त्याला ते स्थान दिलं. त्यातून भानगडी झाल्या, इमारती कोसळल्या, मालक रडले, बिल्डर मातले. पण तो माणूस फायलीत आहे. दुबईत फाइल जमिनीच्या तुकड्यापासून सुरू होते. २००६ च्या कायद्याने परदेशी माणसाला ठरावीक भागांतच मालकी हक्क मिळू लागला आणि ते भाग प्रामुख्याने नवे, मरीना-डाउनटाउनच्या बाजूचे. जिथे तो चाळीस वर्षं राहिला त्या जुन्या वस्त्यांत तो भाडेकरूच राहिला.

गेल्या दोन-तीन वर्षांत रेषा थोडी सरकली आहे, हेही नोंदवायला हवं. जून २०२३ मध्ये अबू धाबीच्या संस्कृती विभागाने आधुनिक काळातल्या ६४ वास्तूंची संरक्षित यादी जाहीर केली. त्यात १९८१ चं सांस्कृतिक केंद्र आहे, हिरवं बसस्थानक आहे, अल इब्राहिमीसारखी निवासी इमारतही आहे. दुबईनेही तेलानंतरच्या इमारतींची नोंद घ्यायला सुरुवात केली. ‘दुबई २०४०’ आराखड्यात डेरा आणि बर दुबई हे पाच नागरी केंद्रांपैकी एक आहे. ‘दुबई वॉक’ या ६,५०० किलोमीटर पायवाटांच्या योजनेचा पहिला टप्पा ‘म्युझियम ऑफ द फ्यूचर’च्या परिसरात आणि डेराच्या जुन्या अल रास बाजारात आहे. एक पाय भविष्यात आणि एक मसाल्याच्या गल्लीत, ही निवड मला मनापासून आवडली.

मात्र या याद्या वास्तूंच्या आणि वाटांच्या आहेत. बर दुबईच्या मंदिराचंच बघा. जबल अलीत ऑक्टोबर २०२२ मध्ये प्रशस्त नवं मंदिर झालं आणि जानेवारी २०२४ मध्ये जुनं शिवमंदिर तिकडे हलवलं गेलं. गर्दीच्या सणाला त्या अरुंद जिन्यात होणारी चेंगराचेंगर पाहता निर्णय चुकीचा म्हणता येणार नाही. पण मंदिराच्या जोरावर त्या गल्लीत झेंडूचे हार, नारळ, कुंकू विकणारे उभे होते. देव हलवता आला, गल्लीला कुणी सोबत नेलं नाही.

माझं मत स्पष्ट आहे. अमिरातीत पुनरुज्जीवनासाठी वस्ती निवडताना इमारतीच्या वयाबरोबर भाडेकराराचं वयही मोजलं पाहिजे. ‘एजारी’ या दुबईच्या सरकारी भाडेकरार-नोंदणीत २०१० पासूनचे करार आहेत, तेव्हापासून कोण किती वर्षं त्याच पत्त्यावर आहे हे एका बटणावर कळू शकतं. मुंबईला ज्या सर्वेक्षणात वर्षं जातात ते दुबईजवळ तयार आहे. वर्षानुवर्षं एका गल्लीत भाडं भरणाऱ्याला काही वर्षं जुन्याच दराने राहू दिलं तर योजनेच्या खर्चात फार मोठी भर पडणार नाही. करामाच्या सुपर ब्लॉकपासून हे करून पाहता येईल.

आणि एक विनंती वाचकांना. वारसायादीसाठी पुरावा लागतो, आणि १९७०-८० च्या करामा, सत्वा, रोलाचा पुरावा दुबईच्या दप्तरात कमी आणि चिपळूण, दापोली, महाड, गिरगावच्या कपाटांत जास्त आहे. इमारतीसमोर नव्या टेपरेकॉर्डरसह काढलेला फोटो, भाड्याची पावती, घरी पाठवलेली एअरमेलची पत्रं. ती टाकू नका. फोटोच्या मागे इमारतीचं नाव, वर्ष, खोलीत किती जण होते आणि भाडं किती होतं, एवढं पेन्सिलीने लिहून ठेवा. ज्यांना ते आठवतं ती माणसं आता सत्तरीत आहेत, तेव्हा या दिवाळीतच विचारा.